चंदेरी पॅनलवरचे बाण

अकोला,
दि. २४ एप्रिल २००८

चि. हसनैन,

गोवर्धन मिस्त्रीचे आशीर्वाद, आणि मनकर्णेने तुझ्यासाठी व नगमासाठी पाठवलेली दुवा. आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तुम्ही अमरावतीला ठीक असाल, बाळ दूध नीट पीत असेल, असं धरून चालतो.

पत्ता तुझ्या अब्बाकडून, नबीकडून घेतला. मागच्या आठवड्यात तो दर्यापूरहून बाजाराला आला होता, तेव्हा म्हणाला, पोराचा फोन मलाच लागत नाही तर तुला काय लागणार. तसंही मला फोनवर बोलणं जमत नाही. समोरचा बोलू लागला की माझं वाक्य अर्ध्यावर राहतं. कागदावर कोणी मध्ये बोलत नाही.

ऊन फार आहे. बारानंतर भिंतीला हात लागत नाही. माझं काम सकाळी सहा ते दहा, आणि तेही असलं तर. तुला आठवत असेल, पूर्वी कापूस विकला गेला की दर्यापूरपासून मूर्तिजापूरपर्यंतची माणसं मला शोधत यायची. मिस्त्री, समोरची भिंत करून द्या, दारावर वेल काढून द्या. तीन वर्षं झाली, तिकडून एक माणूस आलेला नाही. ज्या गावांत मी वेली काढल्या तिथे आता लोक बसायला येतात ते मयतीला. भिंतीवर नक्षी काढायचं कोणाच्या मनात येणार? शहरातल्या दुकानांना मात्र नवी तोंडं लागून राहिली आहेत. गिऱ्हाईक तुटलं की दुकानदार आधी दर्शनी भाग बदलतो, हे तूच मला सांगितलं होतंस. तुझा धंदा त्यावरच उभा राहिला.

भगवंतरावांच्या कृषी केंद्राचं नाव काढलेलं तुला आवडणार नाही. पण मी त्याच रस्त्याने जातो, डोळे कुठे ठेवू? पाडव्याला अठरा दिवस झाले, दुकानाच्या तोंडावर तू लावलेले चंदेरी पॅनल अजून तसेच आहेत. सकाळी काही कळत नाही. दुपारी चारला ऊन पश्चिमेकडून आलं की दिसतं. अर्धे पॅनल चांदीसारखे, अर्धे राखेसारखे, ठिगळं लावलेल्या सतरंजीसारखं. लोक थांबतात, बघतात, हसतात. समोरचा पानवाला तर बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगताना तेच सांगतो.

तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. पण थोडी घाई तुझीही झाली, हसनैन. तीन मजल्यांचं तोंड अंगावर घ्यायला अजून दोन वर्षं थांबला असतास तर बिघडलं नसतं. आणि ऐन पाडव्याच्या तोंडावर चार दिवस काम सोडून दवाखान्यात जाऊन बसलास. नगमाची आई होती की तिथे. आमच्या वेळी बायको बाळंत झाल्याचा निरोप परांचीवर यायचा, आणि आम्ही हातातला गिलावा संपवून खाली उतरायचो. हे मी मनकर्णेला म्हणालो तर ती म्हणाली, "म्हून तं आपली पोरगी आरती तुमाले सहा महिने ओळखत नव्हती." तिची बोलण्याची तऱ्हा तुला माहीत आहे.

दुसरी गोष्ट इमरानची. तू त्याला सगळ्यांसमोर कामावरून काढलंस ते काढलंस. तो तुझा कामगार होता, तुझा हक्क आहे. पण तो तुझ्या बहिणीचा नवराही आहे. बाळाच्या अकीक्याला, नाव ठेवायच्या दावतीला, हीनाला बोलावलं नाही, हे ऐकून मनकर्णा दोन दिवस माझ्याशीच नीट बोलली नाही, जसं काही मीच दावत दिली होती. बाळाची एकुलती एक फुफी, आणि तिला शेजारणीकडून कळावं? हीनाने शिवलेलं झबलं मी नबीच्या हाती पाठवलं आहे, पोचलं असेल. परत पाठवू नकोस.

इमरानच्या हातून चूक झाली. वय लहान आहे, होते. मोठ्याने पदरात घ्यायची असते. एवढंच लिहायचं होतं.

कळावे,
तुझा उस्ताद,
गोवर्धन मिस्त्री


अकोला,
दि. १ जून २००८

चि. हसनैन,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं आहे म्हणून तक्रार नाही. नऊ वर्षं माझ्या हाताखाली होतास तेव्हाही चारच ओळी बोलायचास.

मनकर्णेला मी त्यातल्या दोनच ओळी वाचून दाखवल्या, बाळ बरं आहे आणि नगमा बरी आहे. उरलेल्या दोन नाही दाखवल्या. तू विचारलं आहेस, "उस्ताद, तुम्ही चारही दिवस तिथेच होता. पॅनल फिरवून लागताना तुमच्या नजरेला आले नाहीत का?"

हे पत्र आल्यापासून मी तीनदा उत्तर लिहायला बसलो. तीनदा उठून ओळंब्याच्या दोऱ्याचा गुंता सोडवत बसलो. गुंता सुटला, उत्तर झालं नाही. आता लिहितो, जसं येईल तसं.

बाणांचं मला ठाऊक नव्हतं असं तुला सांगता आलं असतं. पण ठाऊक होतं. तूच शिकवलं होतंस. शिमग्याच्या सुमारास, भगवंतरावांच्या दुकानासमोर, चहा पिताना. तू नवा पॅनल आडवा धरलास, मग उभा धरलास, आणि म्हणालास की बघा उस्ताद, रंग एकच, पण उन्हात दोन दिसतात. चंदेरी रंग ज्या अंगाने ओढलेला असतो त्याच अंगाने चमकतो. म्हणून वरच्या प्लास्टिकच्या कागदावर बाण छापलेले असतात. सगळ्या भिंतीवर सगळे बाण एकाच दिशेला. एक जरी पॅनल फिरला तरी कागद काढेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही, आणि कागद काढल्यावर लपवता येत नाही. मी त्याला पत्रा म्हणालो तर तू हसून म्हणालास, "पत्रा नका म्हनू उस्ताद, पॅनल म्हना."

तू सहज म्हणालास. मला ते लागलं.

आता बोलतोच आहे तर पुढचंही बोलतो. त्या भिंतीवर, तुझ्या पॅनलच्या आत, माझं काम होतं हे तुला माहीत आहे. भगवंतरावांच्या वडिलांनी कापसाची अडत घातली तेव्हा मी ते तोंड केलं होतं. दारावर सिमेंटमध्ये कापसाची फुटलेली बोंडं, पानांसकट, तीन ओळी. दोन महिने लागले होते. एकेका बोंडाच्या पाकळ्या मी चहाच्या चमच्याने उकरल्या होत्या. बैलगाड्या घेऊन आलेली माणसं खाली उभी राहून बोटाने मोजायची. मग वरून जाहिरातींचे बोर्ड लागले, तारा आल्या, आणि लोकांनी वर बघणं सोडलं.

तुझी चौकट भिंतीला सपाट बसावी म्हणून ती बोंडं फोडायची होती. तू ते काम मला दिलंस. म्हणालास, दुसऱ्याने छिन्नी लावलेली मला बघवणार नाही, तुमच्याच हातानं व्हावं. लोकांना वाटलं, बघा, चेला असावा तर असा. तुलाही तसंच वाटलं असेल. मी मात्र दोन दिवस छिन्नी चालवत होतो आणि मनात म्हणत होतो की यानं मला माझं तोंड माझ्याच हातानं फोडायला लावलं आणि वर उपकारही केला. वरची ओळ राहिली तेव्हा मी कंबर धरली असं सांगून खाली उतरलो. कंबर धरली नव्हती.

आणि मग तुझी चौकट उभी राहिली. आठ बाय चारचा अख्खा तुकडा एकटा माणूस काखेत धरून नेतो. मी एवढ्याच जागेचा गिलावा करायचा तर वाळू चाळा, सिमेंट कालवा, पाणी मारा, सात दिवस ओल ठेवा. तुझा इमरान मागच्या बाजूने खाच पाडतो, हाताने दुमडतो, डब्यासारखं बसवतो, फटीत सिलिकॉन भरतो, झालं. मजला एका आठवड्यात. वर दुधी कागद असतानाच लोक माना वर करून बघायला लागले. भगवंतराव तुला हसनैनसाहेब म्हणायचे आणि मला ए मिस्त्री. खुर्ची एकच होती, ती तुझ्यासाठी यायची. तू मला बसवायचास, हे खरं. पण खुर्ची तुझ्यासाठी आलेली असायची.

घरी गेलो की मनकर्णा विचारायची, हसनैनचं कुठवर आलं? माझं कुठवर आलं हे तिने बावीस वर्षांत विचारलं नाही. मी त्यावर बोललो तर म्हणाली, तुमचं मले दिसते, त्याचं दिसत नाई म्हून विचारते. असं एका वाक्यात ती मला गप्प करते आणि राग तसाच राहतो.

हे सगळं मी तुला का सांगतो आहे? तुझ्या प्रश्नाचं उत्तर या सगळ्यातून जातं म्हणून.

होय, मला दिसलं. तू अमरावतीला गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर पॅनल फिरवून लागत होते. मी खाली कोपऱ्याचा गिलावा सारखा करत होतो. मान वर केली, बाण दिसले, काही उभे, काही आडवे. बोलावंसं वाटलं नाही. मनात आलं की लागू दे. साहेबांचं काम आहे, साहेब बघतील. मी गप्प राहिलो.

तुझ्यावर जळत होतो, हसनैन. लिहायला जड जातं आहे, पण दुसरा शब्द नाही.

हे वाचून तू माझ्यावर रागव, मी ऐकून घेईन. आणि इमरानवरचा राग आता तरी थोडा कमी कर. हीना आमच्या घरावरून जाताना मान खाली घालून जाते. तिनं काय केलं आहे?

तुझा,
गोवर्धन मिस्त्री


अकोला,
दि. २२ जून २००८

चि. हसनैन,

तुझं दुसरं पत्र आलं. मला वाटलं होतं त्यात शिव्या असतील. तू लिहिलंस की उस्ताद, तुम्ही गप्प राहिलात त्याचं दुःख झालं, पण गप्प राहणं वेगळं आणि करणं वेगळं. ज्याच्या हातात काम होतं त्यानं बाण बघायला हवे होते. तुम्ही मोठ्या मनानं कबूल केलंत, त्यानं नाही केलं. म्हणून तुमच्यावर राग नाही, त्याचं तोंड मात्र बघणार नाही.

मोठं मन म्हणे. ते पत्र मी तीन दिवस सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरलो. मागच्या पत्रात मी खरं लिहिलं होतं, पण अर्धं लिहिलं होतं. अर्ध्या खऱ्याची मला शाबासकी मिळाली आणि इमरानची शिक्षा आणखी पक्की झाली. माझं पत्र मी त्याला सोडवायला लिहिलं असं मला वाटत होतं. आता वाटतं, मी ते स्वतःला सोडवायला लिहिलं होतं.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. त्या सांगतो आणि मग उरलेलं सांगतो.

भगवंतरावांनी बाहेरच्या माणसाला बोलावून पॅनल उतरवायला घेतले. पेरणीच्या आत तोंड नवं हवं, म्हणाले. पाऊस अजून नाही, बियाण्याला माणूस नाही, तरी तोंड हवंच. मी बघायला गेलो. का गेलो असेन? तुझं काम उतरताना बघायला गेलो, लपवून काय करू. दारावरच्या पॅनलची रांग निघाली आणि आतून माझ्या बोंडांची वरची ओळ निघाली. अख्खी. एक पाकळी फुटलेली नाही. तुझ्या चौकटीचे लोखंडी हात त्या तेवढ्या जागी लांब होते. भिंतीपासून वीतभर पुढे काढून पॅनल बसवले होते, बोंडांना धक्का लागू नये म्हणून. बाहेरून कधी दिसणार नाही, कोणाला कळणार नाही, अशा जागी तू जास्तीचं लोखंड घातलंस आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस.

मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, झाला नाही. पहिला विचार आला की इथेही हाच मोठा झाला. कामात मोठा झाला ते झाला, आता मनानंही माझ्यापेक्षा मोठा. मी त्या पानवाल्याच्या बाकावर बसून राहिलो आणि तुझा राग राग करत राहिलो. तुझ्या चांगुलपणाचा राग. एवढं कोणी कोणावर जळत असेल का, मला माहीत नाही. मी जळलो.

दुसरी गोष्ट. परवा हीना आली. मनकर्णेला म्हणाली की इमरान सुरतेला चालला आहे. अकोल्यात त्याला पॅनलच्या कामावर कोणी घेत नाही. तुझं नाव सांगतात, म्हणतात, साल्यानंच हाकलला तो आम्ही कसा घेऊ. इतके दिवस धान्य बाजारात पोती उचलत होता, तेही आता बंद आहे. पुढच्या शुक्रवारची गाडी आहे. हीनाला नेणार नाही, तिथे जागा नाही, ती सासूजवळ राहील. मनकर्णेनं विचारलं, परत कधी येईल? हीना म्हणाली, ते बोलले नाहीत. एवढं बोलून ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली आणि मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलो.

आता उरलेलं.

मी गप्प राहिलो नव्हतो, हसनैन. मी बोललो होतो.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी माल कमी पडला. नागपूरहून नवीन शीट यायला चार दिवस लागणार होते आणि पाडवा दोन दिवसांवर आला होता. कापून उरलेले लांबट तुकडे होते, ते उभे लावले तर पुरत नव्हते, आडवे फिरवले तर पुरत होते. इमराननं तुला फोन लावला. दवाखान्यात तुझा फोन बंद होता. भगवंतराव खाली उभे राहून घाई करत होते. इमरान शिडी उतरून माझ्याकडे आला. तुकडा हातात होता, बाणावर बोट होतं. म्हणाला, "काका, हे फिरवून लावलं तं चालन का? हसनैनभाई तं म्हनतात बाण पाहून लावा."

तो मला विचारायला का आला? मी पॅनलवाला नाही. पण मी तुझा उस्ताद. तू नसताना त्या जागेवर मीच मोठा होतो. आमच्या कामाची रीत हीच आहे. मालक नसला तर उस्तादाला विचारायचं आणि तो सांगेल ते करायचं. तू स्वतः नऊ वर्षं तेच केलंस, आणि इमरानला तेच शिकवलंस.

मी त्या बाणाकडे बघितलं. मला सगळं कळत होतं. चहाचा कप, तुझा आडवा-उभा पॅनल, सगळं डोळ्यांसमोर होतं. आणि मी म्हणालो, "अरे, चांदीले कायचं वर-खाली? बाण कंपनीवाले पोत्यावरही छापतात. बसते तं फिरवून बसव."

त्यानं एकदाच विचारलं, नक्की ना काका? मी म्हणालो, मी सांगून राहिलो ना.

तो वर चढला. मी खाली गिलावा सारखा करत राहिलो. त्या दिवशी मी कोपरा इतका छान केला की भगवंतरावांनी मान हलवली.

मग पाडवा आला. तू अमरावतीहून सकाळच्या बसनं आलास, मुलगा झाल्याचे पेढे घेऊन. कागद काढला तेव्हा सकाळ होती, सगळं साजरं दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, देवानं वाचवलं. मला कळलंच नाही की मला सुटल्याचं बरं वाटतं आहे की हुकल्याचं वाईट. चार वाजता ऊन फिरलं आणि भिंतीनं सगळं सांगून टाकलं. भगवंतराव तुला काय काय बोलले ते लिहीत नाही. कालपर्यंत साहेब होतास.

तू इमरानला विचारलंस, कोणी सांगितलं फिरवायला? इमराननं तुझ्याकडे नाही बघितलं, माझ्याकडे बघितलं. तुझ्याही ते लक्षात आलं. तू वळून मला विचारलंस, "उस्ताद, तुमी होते ना इथं? तुमी सांगतलं का याले?"

वीस-पंचवीस माणसं उभी होती. तेव्हा मी तुला काय म्हणालो ते तू विसरला असशील, मी विसरलो नाही. मी म्हणालो, "मी गिलाव्याचा माणूस बाप्पा. मले काय समजते तुह्या पत्र्यातलं?"

लोक हसले. तूही मान हलवलीस, कारण तुला ते पटलं. मला काही समजत नाही हे तुला पटलं, आणि त्या क्षणी मला तेच हवं होतं. ज्या गोष्टीनं मी शिमग्यापासून जळत होतो, त्याच गोष्टीच्या आडोशाला जाऊन बसलो. इमराननं खाली बघितलं. तू त्याला म्हणालास, आजपासून माझ्या कामावर येऊ नकोस, आणि तुझ्या घराचा उंबरा मी चढणार नाही. तरीही त्यानं माझं नाव घेतलं नाही.

काल सकाळी मी इमरानच्या घरी गेलो. तो कपडे बांधत होता. मी त्याला हे सगळं कागदावर लिहून नेलं होतं, तुला जे लिहिलं तेच. त्याच्यासमोर बसून वाचून दाखवलं. हीना दारात उभी होती, तिनंही ऐकलं. वाचून झालं तेव्हा मी त्याला विचारलं, तू त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीस?

तो म्हणाला, "तुमी नाई म्हनले. मंग मी काय म्हनू? तुमचं नाव घेतलं असतं तं हसनैनभाईनं मले मारलंच असतं. तुमाले ते बापाच्या जागी मानतात."

मी म्हणालो, मग खरं तरी कळलं असतं. त्यानं दोरीची गाठ आवळली. मग म्हणाला, "काका, बाण मले दिसले होते. काय होते तेही मले समजत होतं, मी रोज तेच काम करतो. पण मले वाटलं, तुमाले माह्यापेक्षा जास्त समजत असन."

हीना आत निघून गेली. मला चहा विचारला नाही, बरंच केलं.

मनकर्णेला त्याआधी, पहाटे चूल पेटवताना सांगितलं. तिनं फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, एवढे दिवस पोरगी माझ्या दारावरून मान खाली घालून गेली आणि तुम्ही जेवत होता. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मी समजावत नाही.

भगवंतरावांकडेही गेलो होतो. दुकानात चार माणसं होती, त्यांच्यासमोर सांगितलं की चूक हसनैनची नाही, इमरानची नाही, मी सांगितलं म्हणून झाली. ते म्हणाले, मिस्त्री, आता सांगून काय फायदा? त्यांचा फायदा नसेल. पानवाल्यालाही सांगितलं, कारण गावभर तोच सांगेल.

आता तुला एक विनंती आहे, आणि ती उस्ताद म्हणून नाही, कारण तो मान मी स्वतःच्या हातानं उतरवला आहे. माझी जळजळ अजून गेलेली नाही. तुला उद्या अमरावतीत मोठं काम मिळालं असं ऐकलं तर मला पुन्हा दुखेल, एवढं मी स्वतःला ओळखतो. म्हणून मला माफ कर असं म्हणत नाही. मला दार उघडू नकोस. पण माझ्या पोटातलं दुखणं त्या पोरानं दोन महिने डोक्यावर वाहिलं, ते उतरवायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. पाकीटही न चिकटवता इमरानच्या हाती दिलं आहे. इमरान यायला तयार नव्हता. म्हणत होता, भाईनं उंबऱ्यावरून परत पाठवलं तर मला सुरतही जड जाईल. हीनानं त्याला तयार केलं, आणि तीही बरोबर आली आहे. शुक्रवारची गाडी शुक्रवारी आहे, आज रविवार आहे, अजून वेळ आहे.

तू हे वाचतो आहेस तेव्हा ती दोघं तुझ्या दारात उभी असतील. शेवटपर्यंत वाचेपर्यंत त्यांना उभं ठेवलं असशील तर आता पुरे. त्यांना आत घे.

"फिरवून बसव" म्हणणारा,
गोवर्धन